हाकेतला तडा

"आत ये, नाहीतर बाहेर जा. दारात फक्त मेलेली माणसं थांबतात."

क्लिनिकच्या दारात मी नोकरीचं पत्र हातात धरून, बूट काढावेत की नाही या विचारात उभा होतो, तेव्हा हे वाक्य अंगावर आलं. बोलणारी बाई ऐंशी पार केलेली, पायात गमबूट, डोक्यावर लोकरीची जांभळी टोपी. माझ्याकडे न बघताच तिनं उजव्या हाताची दोन बोटं आत वळवली. कोंबडीला खुराड्यात घेतात ना, तशी. मला वाटलं हीच इथली साहेब. मी जाऊन वाकून नमस्कारच केला. ती पेशंट होती. बीपीच्या गोळ्या न्यायला आली होती. पण नमस्कार तिनं ठेवून घेतला, परत दिला नाही.

सगळे तिला नॅन म्हणायचे, म्हणजे आजी. खरं नाव मोठं होतं, सुंदर होतं, पण ते माझ्या तोंडी शोभत नाही, म्हणून नॅनच.

जागा सांगतो. न्यूझीलंडचा नकाशा उभा धरा. ऑकलंड दिसलं? तिथून वर चार-पाच तास. रस्ता आधी मोठा, मग अरुंद, मग खडीचा, मग संपतोच आणि खाडी लागते. तिवराची झाडं, चिखल, आणि टेकडीवर पांढरं मराए. मराए म्हणजे माओरी लोकांचं सभागृह, माजघर आणि देवघर एकाच ठिकाणी. भिंतीवर गेलेल्यांचे फोटो, चपला बाहेर. मी मूळचा बार्शीचा. ऑकलंडला शिकायला आलो, डिग्री घेतली, आणि शेवटी नोकरी मिळाली ती इथल्या क्लिनिकची व्हॅन चालवायची. पेशंटला घरून आणायचं, मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, परत सोडायचं. आई बार्शीत सांगते, "मुलगा हॉस्पिटल लाइनमध्ये आहे." खोटं नाही.

आणि मी नकलाकार. हा शाळेपासूनचा रोग. नववीत हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून 'आज मधल्या सुट्टीनंतर शाळा सोडण्यात येत आहे' असं जाहीर केलं होतं. निम्मी शाळा घरी पोचली. उरलेल्या निम्म्या शाळेसमोर मी मार खाल्ला. इथंही महिन्याभरात डॉक्टर, मॅनेजर, डेअरीवाले गुजराती काका, सगळे माझ्या घशात राहायला आले. डेअरी म्हणजे दूधडेअरी नव्हे हो, इथं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात.

नॅन मला 'बब' म्हणायची. बब म्हणजे बाळ. मी सत्तावीस वर्षांचा, दाढीवाला बाळ. ती इंग्रजीत बोलायची, मधेच माओरी. पण माझ्या डोक्यात ती आता मराठीतच बोलते, तशीच इथं लिहितो.

तिला व्हॅनमधून नेणं म्हणजे नसलेल्या गोष्टींची सहल.

"ही पोस्ट." रिकामं गवत. "ही दुधाची फॅक्टरी." एक धुराडं. "ही माझी शाळा." चार खांब आणि एक गाय. "तो डोंगर आमचा."

"आणि वरची पाईनची झाडं?"

"ती कंपनीची."

"डोंगर तुमचा आणि झाडं कंपनीची?"

"डोंगर आमचा आहे हे कंपनीला माहीत नाही, बब. डोंगराला माहीत आहे."

मी हसायचो. ती नाही. माणसं कुठं गेली विचारलं तर हनुवटीनं दक्षिण दाखवायची. ऑकलंडच्या कारखान्यांत, टौरंगाच्या बंदरावर, समुद्रापार ऑस्ट्रेलियाच्या खाणीत. "पण परत येतात हं सगळी," ती म्हणायची. "पेटीतून."

आणि पेटीतून आलेल्या प्रत्येकाला आत घ्यायचं काम तिचं होतं. मराएच्या फाटकाशी आलं की तसंच आत घुसायचं नसतं. थांबायचं. मग ओसरीवरून एक बाई लांब सुरात हाक देते. त्या हाकेला करंगा म्हणतात. ती बाईनंच द्यायची. पाहुण्याला तर ती बोलावतेच, पण त्याच्या मागून चालत येणाऱ्या त्याच्या मेलेल्या माणसांनाही बोलावते. हाक आली नाही तर मंत्री असो की मढं, फाटकाबाहेर. नॅन चाळीस वर्षं ती हाक देत होती. अजून दोघी होत्या. एक गेल्या हिवाळ्यात वारली, दुसरी ऑस्ट्रेलियात मुलाकडे.

मी ती हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा फाटकाबाहेर व्हॅनमध्ये बसून खात होतो. घास तोंडातच राहिला. आवाज टेकडीवरून उतरून खाडीपर्यंत गेला. मला एकदम माझे वडील आठवले. ते गेले तेव्हा विमानं बंद होती. मी त्यांना फोनच्या स्क्रीनवर पोचवलं होतं.

पण नकलाकाराची जात वाईट. डोळ्यांत पाणी होतं आणि घसा आपलं काम करत होता. उतरवून घेत होता.

तीन महिन्यांनी, सकाळच्या चहाला, क्लिनिकच्या किचनमध्ये मी सुसाट सुटलो होतो. डॉक्टर झाले, मॅनेजर झाला. सगळे हसत होते. मग कपबशा पुसायचं फडकं डोक्यावर टाकलं, डोळे मिटले, आणि नॅनची हाक दिली. पूर्ण. श्वासासकट.

कुणी हसलं नाही. इथल्या दोघी बायकांनी माना खाली घातल्या. मी डोळे उघडून मागं पाहिलं. नॅन दारात थांबली होती. दारात! नॅन!

"कुणाला बोलावलंस?"

"कुणाला नाही, नॅन. सॉरी. चेष्टा होती."

"कुणाला नाही बोलावलंस. मग आलं कोण असेल?"

मला पुन्हा वडील आठवले.  तिनं मला बाहीला धरून बाहेरच्या नळाशी नेलं आणि ओंजळीनं डोक्यावर पाणी शिंपडलं, पुटपुटत. आमची आई मीठमोहऱ्या ओवाळते तेव्हाचा चेहरा असतो ना, अगदी तो.

"पुन्हा करायचं नाही. तू बाई नाहीस, तू इथला नाहीस आणि तू चेष्टा करत होतास. तीन कारणं. एकही पुरलं असतं." मग हात टोपीला पुसत हळू म्हणाली, "आणि वाईट काय, तर बरोबर केलंस."

आत आलो तर मानसीताई वाटच बघत होती. मानसीताई म्हणजे आमची नर्स, पक्की पुण्याची.

"झाली आंघोळ, शहाण्या? आता एक सांग. मधेच तो फाटका आवाज कशाला काढलास?"

"मी नाही काढला. ती काढते. तिसऱ्या श्वासाला. तडा गेलेलं भांडं वाजतं तसं."

"कधीपासून?"

"मी ऐकतोय तेव्हापासून. तीन महिने."

"तीन महिने! आणि तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, ते तसंच असतं."

मानसीताईनं कप खाली ठेवला. "तुला नक्कल येते रे. ऐकायला येत नाही. उद्या तिला घेऊन ये. बीपी बघायचंय म्हणून सांग."

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गळ्यात गाठ. मोठ्या हॉस्पिटलचा डॉक्टर तरुण होता, भला होता, खुर्ची तिच्याजवळ ओढून बसला. म्हणाला, स्वरयंत्र काढायचं. काढलं तर जगायची आशा आहे, नाहीतर नाही. आणि लवकर.

"गळा काढलात तर फाटकाशी आलेल्यांना मी काय करू? हात हलवू?"

बोलायला यंत्र मिळतं, असं तो म्हणाला.

"मेलेल्यांना यंत्रानं बोलावू? घाबरून परत जातील रे ती." मग म्हणाली, "सहा महिने दे. नातीला शिकवते, मग काप हवं ते."

"सहा महिने नाहीत."

"मग आहेत तेवढे दे."

परतीच्या वाटेवर त्या चार खांबांपाशी तिनं व्हॅन थांबवायला लावली. गाय होतीच.

"पहिल्या दिवशी मी मास्तरणीला आमच्या भाषेत विचारलं, बाहेर जाऊ का. हातावर पट्टा बसला. दुसरी भाषा येतच नव्हती मला. तर तिथंच चड्डी ओली झाली. त्याचा दुसरा पट्टा." ती हसली. मग हसणं थांबलं. "पाच पोरं झाली मला. एकालाही आमचा शब्द शिकवला नाही. त्यांना पट्टा नको म्हणून. पोरांचे हात वाचवले, बब. आता मला आत कोण बोलावणार?"

मी व्हॅन सुरू केली. 

खडीचा रस्ता लागल्यावर तिनं विचारलं, "तुझ्या लोकांच्या पोरांचं काय?"

"ऑकलंडजवळ पुकेकोहेला चुलतभाऊ आहे. त्याच्या मुलीला मराठी कळतं. उत्तर इंग्रजीत देते."

"तसंच सुरू होतं," नॅन म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड केलं.

तिची नात हाना, तिशीची, ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये बुटांच्या दुकानात होती. दर शुक्रवारी काम संपलं की गाडी काढायची आणि पाच तासांनी इथं पोचायची. शनिवारी मराएच्या मागच्या उतारावर शिकवणी. नॅन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हाना समोर, आणि मी उगाचच लांब, टायरची हवा बघत. शब्द हानाला पाठ झाले होते. पण गळा उघडेना. लाजायची.

"बूट विकताना अशीच पुटपुटतेस?"

"बूट हळूच विकतात, नॅन."

"तरीच धंदा नाही."

फोनवर रेकॉर्ड करू का, असं हानानं एकदा विचारलं. नॅननं फोनच मागून घेतला आणि त्यावर बसली. "भरून ठेवलेली हाक कुणी आलेलं नसतानाही वाजते. दार सताड उघडं टाकून झोपण्यासारखं आहे ते." हाना म्हणाली, शेजारच्या खोऱ्यात हाक देणारी मावशी आहे, तुला आत घ्यायचं असेल त्या दिवशी तिला आणू की. आणि घरच्या माणसानं हाक द्यायची नसतेच ना, दुःखातल्या माणसाला तेवढी सुट्टी असते ना? खरंच तशी रीत आहे. नॅन म्हणाली, "रीत पाळायला माणसं लागतात. ती आण आधी. आणि उसन्या आवाजानं मी माझ्याच घरात जाणार नाही."

एका शनिवारी नॅननं दाखवायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. हाना हसली. तिला वाटलं, नॅन तिची नक्कल करतेय. नॅननं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. हानाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून घ्यायचं तिला सुचेना.

त्यानंतर नॅन कुजबुजायची. मग तेही गेलं. ऑपरेशनची वेळही गेली होती. डेअरीतून मी पोरांची पाटी आणली. लिहायचं आणि वरचा कागद उचलला की पुसलं जातं, ती. नॅननं पहिलं वाक्य लिहिलं, "आत ये, नाहीतर बाहेर जा." आम्ही हसलो. हसायलाच पाहिजे होतं.

पुढच्या आठवड्यात हाना व्हॅनच्या खिडकीशी आली. "तुला येते ना ती हाक? सगळे सांगतात."

"मला मनाई आहे."

"माहितीय. मग तू सांग, तिला आत कोण घेणार? मॉलमधला स्पीकर?"

तुम्ही काय केलं असतं? मी हानाला घेऊन पश्चिमेच्या किनाऱ्यावर गाडी घातली. तिथं मैलभर माणूस नसतो आणि लाटांचा आवाज मोठा असतो. फोन बंद करायला लावला, एवढी एक मनाई पाळली. समुद्राकडे तोंड करून मी नॅनची हाक दिली. हसायला कुणी नव्हतं. तरी मला लाज वाटली, आणि भीती.

सात रविवार. हानाचा गळा हळूहळू उघडला. हवेत भीत भीत पाय टाकणारा आवाज चालायला लागला. फक्त तिसऱ्या श्वासाला फाटायचा.

"तिथं मोडू नकोस," मी म्हणालो.

"तू मोडतोस."

मी तडा गाळून करून पाहिलं. दहा वेळा, वीस वेळा. तडा काढला की नॅनच निघून जायची. उरायचा तो बार्शीचा एक माणूस, समुद्रावर ओरडणारा. मी ती हाक धड कधी ऐकलीच नव्हती. मी इथं आलो तेव्हा तडा आधीच येऊन बसला होता.

मग हानानं नॅनला ऐकवायचं ठरवलं. नॅन घरी, खिडकीजवळच्या पलंगावर. मी औषधांची पिशवी घेऊन खोलीच्या दारात. हानानं सुरुवात केली. पहिल्या श्वासाला नॅनचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या श्वासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्याला आवाज फाटला, आणि नॅनचा हात वर झाला.

तिनं हानाकडे पाहिलंच नाही. हानाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. पाटी ओढली आणि इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला.

"हा माझा आवाज नाही. माझा आजार आहे. तिला आजार शिकवलास."

मी वाचलं. हानानं वाचलं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली, गोळ्या घरंगळत पलंगाखाली गेल्या.

मग नॅन स्वतः दाखवायला लागली. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आवाज नाही. तळहातानं ती रजईवर ठोका देत होती. लांब, लांब, इथं मोडायचं नाही, पुढं ने, पुढं ने. हानानं पुन्हा केलं. मोडलं. नॅननं मान हलवली. पुन्हा ठोका. पुन्हा मोडलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. चूक सांगणारी होती, बरोबर करून दाखवणारी नव्हती. शेवटी नॅनचा हात रजईवर तसाच पडून राहिला.

त्या दिवसानंतर मी तिला हॉस्पिटलला नेत होतो, आणत होतो. पाटी तिच्या मांडीवर असायची, कोरी. मी कुणाचीही नक्कल करत नव्हतो. डेअरीवाले काका एकदा म्हणाले, "काय रे, आवाज बसला काय?"

शेवटच्या फेरीला पाऊस होता. मराएच्या फाटकाशी नॅननं डॅशबोर्डवर दोन बोटं वाजवली. मी व्हॅन थांबवली. वायपर चालू होते. ती बराच वेळ ओसरीकडे बघत बसली. मग फाटक्या कागदाच्या कडेला जागा शोधून लिहिलं.

"मोडलं तर थांबू नको म्हणावं."

माझं वाचून होईपर्यंत धरलं आणि कागद उचलला. पुसलं गेलं.

मी तो निरोप हानाला जसाच्या तसा पाठवला. तिनं वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. नऊ दिवसांनी नॅन गेली.

पेटी आली त्या सकाळी आम्ही सगळे फाटकाबाहेर तिच्यामागं उभे होतो. ऑस्ट्रेलियाहून आलेली मुलं, त्यांची इंग्रजी बोलणारी नातवंडं, मानसीताई काळ्या पंजाबी ड्रेसमध्ये, तिच्या शेजारी मी. समोर ओसरीवर चार म्हातारे पुरुष, आणि त्यांच्या पुढं हाना एकटी. डोक्यावर हिरव्या पानांचा वेढा. भुरभुर चालू होती. पेटीच्या झाकणावर थेंब जमत होते.

हानानं तोंड उघडलं. मिटलं.

आम्ही थांबलो. चाळीस वर्षं हिनं सगळ्यांना आत घेतलं आणि आता ही स्वतः दारात. पेटी धरणाऱ्यांनी हात बदलले. एक पोरगं खोकलं. हाना ओसरीवर उभी. आणि माझ्या घशात ती हाक तयार होती. पूर्ण, श्वासासकट. आयुष्यात घशात आलेला आवाज मी कधी मागं ढकलला नव्हता. मी दात आवळले. मानसीताईनं माझं मनगट धरलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "नाही हं. नाही."

मग हानाची हाक आली.

पहिला श्वास. दुसरा. तिसऱ्याला आवाज फाटला. ती थांबली. माझे डोळे मिटले गेले. पेटीजवळची एक म्हातारी हुंदका देऊन ओरडली, "तीच आहे! तिचाच आवाज!" आणि सगळा घोळका रडायला लागला. त्यांना नॅन ऐकू आली होती. तो आवाज नॅनचा कुठला भाग होता, हे आम्हा चौघांनाच माहीत होतं. त्यातली एक पेटीत होती.

हानानं जिथं फाटला तिथूनच पुन्हा उचलला. पुन्हा फाटला. ती थांबली नाही. फाटत, ओढत, तिनं तो टेकडीवरून खाली आमच्यापर्यंत आणला, आणि पेटी हलली.

सगळे आत गेले. मानसीताईनं माझं मनगट सोडलं आणि तीही गेली. उद्या दुसरं कुणी आलं की हाना असंच बोलावेल, आणि तिच्याकडून जी शिकेल तीही तिसऱ्या श्वासाला मोडेल. ती हाक तशीच असते, असं तिला वाटेल.

माझं पाऊल उचलेना. मी फाटकातच उभा राहिलो, केसांतून पाणी गळत. आत ये नाहीतर बाहेर जा, असं कुणीतरी म्हणेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली.